‘ओर्लांदो फुरिओसो’मधला ‘फे’: एका शब्दाच्या सूचीच्या नोंदी

काम असं: लुदोविको आरिओस्तोच्या ‘ओर्लांदो फुरिओसो’ ह्या इटालियन वीरकाव्यात ‘फे’ (पूर्ण रूप ‘फेदे’; निष्ठा, वचन, विश्वास, धर्म असे अर्थ) हा शब्द कुठे येतो, कोणाच्या तोंडी येतो आणि कोणत्या अर्थाने येतो, ह्याची ओळवार सूची करायची. इटालियन कामचलाऊ असलं तरी भागतं, पण शब्दकोश आणि भरपूर टिपा असलेली एक छापील आवृत्ती हाताशी हवीच. सॉफ्टवेअरचा खर्च नाही. पायथन आणि लिब्रेऑफिस दोन्ही फुकट. वेळेचा अंदाज बांधताना संगणकाला थोडा वेळ द्या आणि वाचनाला त्याच्या कित्येक पट.

३ जून: कुठला पाठ

आरिओस्तोच्या हयातीत हे काव्य इटलीतल्या फेर्रारा शहरात तीनदा छापलं गेलं: १५१६, १५२१ आणि १५३२. पहिल्या दोन्हींत ४० सर्ग, तिसरीत ४६. मधल्या काळात त्याने भाषाही पिएत्रो बेम्बोच्या १५२५ सालच्या व्याकरणाला धरून घासूनपुसून घेतली. त्यामुळे १५१६च्या पाठावरची सूची आणि १५३२च्या पाठावरची सूची ही दोन वेगळी कामं आहेत. इथे १५३२ धरला आहे. त्यातही छपाई चालू असतानाच दुरुस्त्या होत गेल्या, म्हणून त्याच वर्षाच्या दोन प्रती तंतोतंत जुळत नाहीत. हा घोळ आपण निस्तरायचा नाही, संपादकाने निस्तरलेला पाठ घ्यायचा आणि तो कोणाचा ते सूचीच्या पहिल्याच ओळीत लिहायचं. जालावरच्या पुष्कळ फायलींत संपादकाचं नावच नसतं. अशी फाईल शोधायला चालेल, सूचीत उद्धृत करायला नाही.

४ जून: फाईल साफ करणे

आधी बेरीज जुळवा. १५३२च्या पाठात ४,८४२ कडवी, प्रत्येक कडव्यात ८ ओळी, म्हणजे ३८,७३६ ओळी. फाईलमधून सर्गांची शीर्षकं, कडव्यांचे आकडे, पानांचे आकडे आणि रिकाम्या ओळी काढल्यावर नेमका हाच आकडा यायला हवा. एक ओळ जरी कमी भरली तरी पुढचे सगळे संदर्भ सरकतात. कमी भरण्याचं नेहमीचं कारण म्हणजे दोन ओळी एकमेकींना चिकटलेल्या असणं. जास्त भरण्याचं कारण, कुठलं तरी शीर्षक आत राहून गेलेलं. सर्गवार तपासलं की चूक पटकन सापडते: पहिल्या सर्गात ८१ कडवी, शेवटच्यात १४०.

संदर्भासाठी सर्ग, कडवं, ओळ असे तीन वेगळे रकाने करा. एकाच रकान्यात ‘१-२६’ लिहिलं की एक्सेल त्याची २६ जानेवारी करून टाकतं, आणि हे लक्षात येईपर्यंत शेकडो संदर्भांच्या तारखा झालेल्या असतात. त्या उलट फिरवता येत नाहीत, रकाना नव्याने भरावा लागतो.

७ जून: पहिली मोजणी रद्द

इटालियनमध्ये ‘फे’ दोन आहेत. एक नाम: ‘फेदे’चं आखूड रूप. दुसरं क्रियापद: ‘फेचे’ (त्याने केलं) ह्याचं आखूड रूप. सहसा नामाच्या शेवटच्या स्वरावर तिरकी रेघ देतात आणि क्रियापदापुढे अ‍ॅपोस्ट्रॉफी. पण हा आजच्या संपादकांचा शिरस्ता. सोळाव्या शतकातल्या छपाईत ही चिन्हं अशी नेमाने येत नाहीत, आणि काही आधुनिक आवृत्त्याही दोन्हींवर सरसकट रेघच देतात.

त्याहून वाईट म्हणजे जुन्या साध्या आस्की फायली, म्हणजे फक्त साधी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असलेल्या. त्यांत रेघवाला स्वर टंकताच येत नव्हता, म्हणून रेघेच्या जागीही अ‍ॅपोस्ट्रॉफीच टाकली आहे. तिथे नाम आणि क्रियापद अक्षरशः एक होतात, आणि ‘केलं’ हा तर कथाकाव्यात पावलोपावली लागणारा शब्द. पहिली मोजणी नेमकी अशा फाईलवर झाली होती, म्हणून रद्द. नियम: फाईल उघडल्याबरोबर त्यात रेघवाला ‘ए’ एकदा तरी आहे का ते पाहायचं. नसेल तर ती फाईल सोडून द्यायची, दुरुस्त करत बसायचं नाही.

८ जून: युनिकोडचा घोळ

रेघवाला ‘ए’ दोन तऱ्हेने साठवता येतो: एकच जोडचिन्ह म्हणून, किंवा साधा ‘ए’ आणि त्यापुढे सुटी रेघ म्हणून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या तऱ्हेच्या फाईलमध्ये पहिल्या तऱ्हेचा शोध घेतला की उत्तर शून्य येतं. उलट, पायथनमध्ये शब्दाच्या दोन्ही टोकांना सीमा लावून साधा ‘फे’ शोधला तर सुट्या रेघेचा ‘फे’ही हाती लागतो, कारण ती रेघ अक्षरात धरली जात नाही. अ‍ॅपोस्ट्रॉफीचंही तेच, सीमा तिच्या अलीकडेच पडते, म्हणून क्रियापदही जाळ्यात येतं.

इलाज: शोधाआधी सगळी फाईल एनएफसी रूपात (रेघवाला स्वर एकच जोडचिन्ह म्हणून साठवणाऱ्या) आणा, सरळ आणि वाकड्या अ‍ॅपोस्ट्रॉफी एकसारख्या करा, आणि शोधाच्या सूत्रात ‘पुढे अ‍ॅपोस्ट्रॉफी नको’ ही अट वेगळी लिहा. अ‍ॅपोस्ट्रॉफी सरसकट पुसून टाकण्याचा मोह आवरा. इटालियनमध्ये ती दोन शब्दांमधला सांधा असते. पुसली की निम्मे शब्द एकमेकांत घुसतात.

९ जून: जुन्या छापील प्रतींचे स्कॅन

१५१६शी ताडून पाहायला जुन्या प्रतींच्या स्कॅनवर ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) चालवला. फार उपयोग नाही. त्या काळच्या छपाईत शब्दाच्या सुरुवातीचा आणि मधला ‘स’ लांब काठीचा असतो, आणि ओसीआर त्याला ‘फ’ वाचतो. त्यामुळे ‘से’ (जर) ह्या अतिसामान्य शब्दाचा ‘फे’ होतो आणि ‘सेदे’ (बैठक, आसन) ह्याचा ‘फेदे’. पहिली चूक वाचताना ओळखू येते. दुसरी येत नाही, कारण ‘फेदे’ हाही खराच शब्द आहे आणि वाक्य वरकरणी बरोबर वाटतं. जुनी प्रत डोळ्यांनीच वाचायची, तीही आधुनिक पाठात सापडलेल्या जागांपुरती.

१२ जून: रूपांची यादी

शोधायची रूपं: ‘फे’, ‘फेदे’, मोठ्या अक्षराचे ‘फे’ आणि ‘फेदे’. अनेकवचन ‘फेदी’ असेलच असं धरून चालू नका. दहाव्या सर्गाच्या पहिल्याच ओळीत ‘क्वांते फेदे’ आहे, ‘किती निष्ठा’ अशा अर्थाने. अनेकवचन असूनही रूप ‘फेदे’च. एकवचन-अनेकवचन रूपावरून ठरवणारा कुठलाही आपोआप टॅगर (शब्दांना व्याकरणाच्या खुणा लावणारा प्रोग्राम) इथे आपटतो.

शब्दाची सीमा न लावता ‘फेदे’ शोधलं तर ‘फेदेले’ (निष्ठावान), ‘इन्फेदेले’ आणि यच्चयावत फेदेरीगो सापडतात. त्यातला एक फेदेरीगो मात्र वगळताना जिवावर येतं. बेचाळिसाव्या सर्गाच्या विसाव्या कडव्यात आरिओस्तो सांगतो की फेदेरीगो फुल्गोझोला आपल्या कथेच्या खरेपणाबद्दल शंका आहे: लाम्पेदुसा बेटावर आपण एवढी मोठी झुंज लावली, पण ते बेट त्याने स्वतः पाहिलंय आणि तिथे म्हणे पाऊल सपाट टेकवायलाही जागा नाही. विश्वास शोधायला गेलं आणि अविश्वास दाखवणारा नावानिशी हजर! सूचीत अर्थातच घेतला नाही.

‘फीदो’ (विश्वासू), ‘इन्फीदो’ (बेइमान), ‘पेर्फीदो’ (दगाबाज) ही भावंडं वेगळ्या पानावर काढून ठेवली.

१५ जून: नाम की क्रियापद

फाईल चांगली असली तरी हे हाताने तपासावंच लागतं, कारण संपादकाची चिन्हंही कधी कधी चुकतात. उपयोगी पडलेल्या खुणा: मागे ‘दी’ (चा/ची) किंवा ‘मिया, तुआ, सुआ’ (माझी, तुझी, त्याची) असेल तर नाम. मागे ‘मी’ किंवा ‘सी’ (मला, स्वतःला) असेल, किंवा पुढे दुसरं क्रियापद मूळ रूपात असेल, तर क्रियापद.

‘ला फे’ ही जोडी मात्र फसवते. ‘ला’ हा स्त्रीलिंगी नामाआधीचा उपपद शब्द आहे, तसंच ‘तिला’ हे सर्वनामही आहे. म्हणजे ‘ला फे’चा अर्थ ‘ती निष्ठा’ होऊ शकतो आणि ‘तिला (अमुक करायला) लावलं’ असाही. मागचा एकच शब्द पाहणारं सूत्र इथे हमखास चुकतं. सगळे ‘ला फे’ बाजूला काढून पूर्ण कडवं वाचूनच निकाली काढले. दुसरा उपाय नाही.

१६ जून: ‘फे’ की ‘फेदे’, निवड कशावर

आखूड आणि लांब रूपांत अर्थाचा काही फरक आहे का, हे तपासलं. नाही. निवड वृत्त करतं. एकविसाव्या सर्गाचं पहिलं कडवं घ्या. सुंदर मनाला वेढणारी ‘फे’ जशी घट्ट बांधते तसा पीळदार दोर ओझ्याला बांधत नाही की खिळा लाकडाला जखडत नाही, असं ते म्हणतं. ओळ ११ अक्षरावयवांची, तिथे ‘फे’ बसतो, ‘फेदे’ घातला तर १२ होतात. लगेच दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ ‘ला फेदे’ अशी सुरू होते, कारण पुढचा शब्द स्वराने सुरू होतो, ‘फेदे’चा शेवटचा स्वर त्यात विरतो आणि हिशेब पुन्हा ११वर येतो. कल्पना तीच, दोन कडवी लागोपाठ, रूपं दोन.

ओळीच्या शेवटी जवळजवळ नेहमी ‘फेदे’च येतो, कारण तिथे शेवटून दुसऱ्या अवयवावर आघात लागतो. म्हणून यमकाचा रकाना फक्त ‘फेदे’साठी ठेवला.

२१ जून: अर्थाचे रकाने

सुरुवातीला दोनच खुणा होत्या: धर्म आणि वचन. अपुऱ्या पडल्या. आता पाच आहेत:

ध – धर्म, पंथ
व – दिलेला शब्द, शपथ
न – निष्ठा (प्रियकराशी, धन्याशी)
भ – भरवसा. ‘दार फेदे’ म्हणजे विश्वास ठेवणे
उ – नुसता उद्गार, ‘शपथेवर सांगतो’ ह्या थाटाचा

‘उ’ वेगळी काढली नाही तर संवादांच्या सर्गांत आकडा उगाच फुगतो. ‘न’ आणि ‘भ’ वेगळे का, ते दहाव्या सर्गात कळतं. पहिल्या ओळीत ओलिम्पिया ह्या प्रेयसीच्या निष्ठेची थोरवी आहे, आणि थोड्याच कडव्यांनंतर बायकांना बजावलं आहे की प्रियकराच्या बोलण्यावर ‘फेदे’ ठेवू नका. हवं ते मिळवण्यासाठी तो वचनांची आणि शपथांची गुंतवळ करतो, आणि देव सगळं ऐकतो, पाहतो ह्याचीही पर्वा करत नाही. ‘ठेवू नका’चा ‘फेदे’ आणि देवाच्या पाहण्याचा ‘वेदे’ ह्यांचं यमक जुळवलंय. एकाच सर्गाच्या दारात तिची ‘फेदे’ अढळ आणि इतरांना सल्ला ‘फेदे’ न ठेवण्याचा. दोन्हींना एकच खूण दिली असती तर हे दिसलंच नसतं.

२३ जून: ‘सांता’ची खूण टिकली नाही

वेळ वाचवायला एक सूत्र करून पाहिलं: शेजारी ‘सांता’ (पवित्र) आला की खूण ‘ध’. चौतिसाव्या सर्गात ते बरोबर ठरतं. तिथे आस्तोल्फो ह्या सरदाराला सांगितलं जातं की देवाने काव्याचा नायक ओर्लांदो ह्याला जन्मतः अफाट बळ दिलं आणि कुठलंही हत्यार लागणार नाही असं शरीर दिलं, ते आपल्या ‘सांता फेदे’च्या रक्षणासाठी, फिलिस्तिनी लोकांविरुद्ध सॅमसनला नेमलं तसं. इथे धर्मच (कडवं ६३, यमकाला ‘दिएदे’ आणि ‘कोंचेदे’).

पण एकविसाव्या सर्गाच्या पहिल्या कडव्यातही ‘सांता फे’ आहे, आणि तिचा ख्रिस्ती धर्माशी संबंध नाही. ती प्राचीनांनी रंगवलेली वचनपालनाची देवता आहे, नखशिखान्त पांढऱ्या वस्त्रात. एक ठिपका पडला तरी विद्रूप होणारी. रोमन कवी होरेसच्या ओडमध्येही फिदेस ही देवता पांढऱ्या वस्त्रातच येते. पुढचं कडवं खुलासा करतं: शब्द एकाला दिलेला असो की हजारांना, रानात असो, गुहेत असो की साक्षीदार-कागदपत्रांच्या गर्दीत न्यायासनासमोर, एकदा दिला की पुरे. खूण ‘व’. शिवाय शोधाआधी सगळी अक्षरं लहान करून घेतली तर ह्या देवतेचं मोठं अक्षर पुसलं जातं. मूळ ओळ वेगळ्या रकान्यात जशीच्या तशी ठेवा.

आणि हा सगळा पवित्रा कोणासाठी? झेर्बीनो ह्या राजपुत्रासाठी. ‘लढतीत हरलो तर सांभाळीन’ ह्या शब्दाखातर तो गाब्रीना नावाच्या दुष्ट म्हातारीला सांभाळत फिरतोय. आरिओस्तोचा स्वभाव ह्यातच आला. सूचीत एक ‘सूर’ रकाना ठेवावासा वाटला, पण ठेवला नाही. तिथे प्रत्येकाचं मत वेगळं होणार.

२४ जून: दुहेरी जागा

पहिल्याच सर्गात दोन नमुने आहेत, शेजारीशेजारी.

बाविसावं कडवं: ख्रिस्ती रिनाल्दो आणि मुसलमान फेर्राऊ एकमेकांशी लढून अंग ठणकत असताना एकाच घोड्यावरून निघतात. ते प्रतिस्पर्धी होते, ‘दी फे दिवेर्सी’ होते, वेगवेगळ्या धर्मांचे. स्वच्छ ‘ध’.

सव्विसावं कडवं: नदीतून आर्गालियाचं (फेर्राऊने मारलेल्या योद्ध्याचं) भूत वर येतं, हातात शिरस्त्राण. हे शिरस्त्राण परत करीन असं फेर्राऊने कबूल केलं होतं. भूत ओरडतं, ‘मांकातोर दी फे, मारानो!’ पहिला भाग ‘शब्द मोडणाऱ्या!’, म्हणजे ‘व’. पण लगेच पुढची शिवी ‘मारानो’ ही स्पेनमधल्या धर्म बदललेल्या ज्यू-मुसलमानांना हिणवायला वापरत, आणि फेर्राऊ स्पेनचा सारासेन (मुसलमान). शिवी शेजारी येऊन बसली की ‘फे’मध्येही धर्माचा वास येतो.

इथे एकच खूण द्यायचा हट्ट केला तर सूची निरुपयोगी होते. म्हणून दुसऱ्या अर्थाचा रकाना वाढवला: पहिला अर्थ व, दुसरा ध. बेरजेत पहिलाच धरायचा, दुसऱ्याची वेगळी बेरीज. दोन जणांनी स्वतंत्रपणे खुणा लावून मग ताडून पाहिलं तर मतभेद बहुतेक ह्याच जागांवर निघतात.

१ जुलै: प्रमाण

सर्गागणिक नुसते आकडे लावून आलेख काढू नका. सर्गांची लांबी फार वेगळी आहे. दर १०० कडव्यांमागे किती, असं काढा. आणि सर्गारंभीची कडवी, जिथे कवी स्वतः श्रोत्यांशी बोलतो, ती वेगळी मोजा. हा शब्द तिथे साचतो आणि सगळ्या सर्गाचं प्रमाण ओढून नेतो.

३ जुलै: नंतर घातलेले भाग

१५३२ला नव्याने आलेले मोठे भाग असे: ओलिम्पियाची कथा (सर्ग ९ ते ११), त्रिस्तानच्या गढीचा प्रसंग (३२-३३), मार्गानोर्रे (३७), आणि रुज्जेरो-लेओने (४४ ते ४६). प्रत्येक ओळीपुढे ‘जुनी/नवी’ असा रकाना टाकला. भागाच्या सीमा कडव्यापर्यंत नेमक्या लावा. पूर्ण सर्ग ‘नवा’ धरला तर जुनी कडवी नव्यात जातात.

ह्या रकान्याने कामाचं चीज केलं. ओलिम्पियाचा दहाव्या सर्गातला आरंभ नवा. चव्वेचाळिसाव्या सर्गात (कडवं ६१) ब्रादामांते आपला प्रियकर रुज्जेरो ह्याला लिहिते की आपण चारी बाजूंनी वारा आणि समुद्र आदळणारा ‘खऱ्या फेदे’चा अचल खडक आहोत, तेही नवं. गाब्रीनाचा सर्ग मात्र पहिल्यापासून होता. जुन्या आवृत्त्यांशी ताडताना सर्गांचे क्रमांक सरकलेले असतात, म्हणून क्रमांकावर न जाता कडव्याचे पहिले शब्द जुळवा. म्हणजे पहिल्या आवृत्तीनंतर सोळा वर्षं काव्यावर हात फिरवताना आरिओस्तोने ज्या कथा वाढवल्या, त्यांतल्या दोन तरी ह्या शब्दाभोवती उभ्या आहेत. लेओनेच्या कथेत तर आपला जीव वाचवणाऱ्या लेओनेच्या उपकाराखातर रुज्जेरो वेष बदलून, लेओनेच्या वतीने, स्वतःच्या प्रेयसीशीच लढतो.

९ जुलै: भावंडं परत मूळ पानावर

वेगळ्या पानावर काढलेली ‘फीदो’, ‘इन्फीदो’ वगैरे रूपं मुख्य सूचीत परत आणली, वेगळ्या रंगात. कारण शेवटचा सर्ग.

रुज्जेरो-ब्रादामांतेच्या लग्नाची मेजवानी चालू असताना रोदोमोंते हा सारासेन राजा येतो आणि रुज्जेरोला आव्हान देतो (कडवी १०५-१०६). तू आपल्या धन्याशी ‘इन्फीदो’ झालास हे सूर्य मावळायच्या आत सिद्ध करतो, म्हणतो. पुढच्या कडव्यात पुरावाही देतो: तू ख्रिस्ती झालायस, तेव्हा गद्दारी नाकारू शकत नाहीस. धर्म बदलणं हाच धन्याचा शब्द मोडणं. पहिल्या सर्गातल्या भुताच्या शिवीत शेजारी बसलेले दोन अर्थ इथे एकच आरोप होऊन येतात, आणि ह्या ओळींत ‘फे’ही नाही, ‘फेदे’ही नाही. फक्त मुख्य रूपं मोजणाऱ्या सूचीत काव्याचा शेवटचा मोठा खटकाच गाळला जातो.

म्हणून सूचीला तिसरं पान जोडलं: शब्द नाही पण विषय तोच, अशा जागा. हे पान संगणक भरून देत नाही. वाचताना भरायचं, आणि मोजणीच्या बेरजेत ते कधीही मिसळायचं नाही.

१४ जुलै: बाकी

‘कोण बोलतं’ हा रकाना अर्धा रिकामा आहे. अडचण अवतरणचिन्हांची: पात्राचं बोलणं कडव्याच्या मध्ये सुरू होऊन दोन कडव्यांनंतर संपतं, आणि फाईलमध्ये बंद करणारं चिन्ह कधी कधी गळलेलं असतं, त्यामुळे आपोआप भरलेली नावं भरवशाची नाहीत. क्रम असा लावला आहे: आधी दुहेरी जागा, मग ‘न’, शेवटी ‘उ’.